उपास सोडला की मोडला?

उपास ‘सोडणं’ वेगळं, ‘मोडणं’ वेगळं. गेवराईत एकादशीला भगर चालते, भात नाही. हे सगळ्यांनी ठरवलेलं. पण स्वतःच घेतलेल्या व्रताचा अर्थ कोण लावणार?

गांधीजींनी १९१२ मध्ये दूध न घेण्याचं व्रत घेतलं. पुढे मोठ्या आजारात डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, कस्तुरबांनी शेळीचं दूध सुचवलं. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, म्हणून ते घेतलं. शब्द पाळला, पण व्रताचा गाभा गमावला, हे आत्मकथेत ते स्वतःच मांडतात. त्या प्रकरणाचं बळ तिथेच आहे.

माझ्या मते जीव वाचवण्यात दोष नाही. अडचणीत सापडल्यावर व्याख्या बदलण्यात आहे. संशोधनातही आकडे हाती आल्यावर गृहीतक बदललंत, तर तसं स्पष्ट लिहा. मोडलेल्याला ‘सोडला’ म्हणू नका.