संघटक, मज्जा आणि जखम : चेतासंस्थेच्या विकासाविषयीच्या संशोधनाचे एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

चेतासंस्था कशी घडते आणि इजा झाल्यावर ती कशी वागते, हे दोन प्रश्न प्राणिशास्त्राच्या अध्यापनात सहसा एका दमात उच्चारले जातात. जे घडवता येते ते दुरुस्तही करता येईल, असे त्यामागचे न बोललेले गृहीतक असते. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे आणि मुंबई येथे, यांपैकी पहिल्या प्रश्नावर जागतिक दर्जाचे काम झाले आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. तरीही या कामाची दखल येथील अध्यापनात अभावानेच घेतली जाते. आणि जेव्हा घेतली जाते तेव्हा वर उल्लेखिलेल्या गृहीतकासकट घेतली जाते. प्रस्तुत लेखात या संशोधनातील काही निवडक कामांचे वाचन करून ती नेमके काय सिद्ध करतात आणि काय करीत नाहीत, याचा विचार केला आहे.

हायड्राचा पुरावा आणि त्याची मर्यादा

दहावीच्या विद्यार्थ्याला हायड्रा भेटतो तो मुकुलायनाच्या आकृतीत. पुनर्जननासाठी पाठ्यपुस्तक प्लॅनेरियाकडे वळते. वस्तुतः पुनर्जननाचा प्रायोगिक अभ्यास ज्या प्राण्यापासून सुरू झाला तो हायड्राच होय. आब्राहाम ट्रेंब्ले यांनी १७४४ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १९०९ मध्ये एथेल ब्राउन यांनी हायड्राच्या मुखाजवळील ऊतीचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगावर बसविला आणि त्या ठिकाणी नवा अक्ष उगवल्याचे दाखविले. श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांचा उभयचरांवरील प्रसिद्ध प्रयोग त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२४ साली, प्रकाशित झाला. 'संघटक' ही संकल्पना मात्र श्पेमान यांच्या नावावर जमा झाली आणि १९३५ चे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले. आपल्याकडील भ्रूणशास्त्राच्या पुस्तकांत ब्राउन यांचे नाव आजही क्वचितच आढळते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या प्राण्याला नव्या प्रश्नांसाठी हाती घेतले. २०११ मध्ये या गटाने भारतीय हायड्राच्या एका वाणाचे रीतसर वर्णन केले. त्या वाणाच्या नावात पुण्याचा उल्लेख आहे. त्याआधी, २०१० मध्ये, त्यांनी जपानी सहकाऱ्यांसमवेत हायड्रातील 'नॉगिन' हे जनुक वेगळे करून ते बेडकाच्या भ्रूणातही काम करू शकते, असे दाखविले होते. या निष्कर्षाचे मोल नीट लक्षात घ्यायला हवे. पृष्ठवंशीय प्राण्यांत नॉगिन हा संघटकातून स्रवणारा रेणू आहे. भ्रूणाच्या बाह्यस्तरातील पेशींना त्वचेच्या वाटेने नेणारा संदेश तो अडवितो आणि त्यामुळे त्या पेशी चेतापेशींच्या वाटेला लागतात. ज्या प्राण्याला मेंदू नाही, केवळ चेतापेशींचे विरळ जाळे आहे, त्याच्याजवळही हे हत्यार आहे, असा त्याचा अर्थ होतो.

येथपर्यंत पुरावा भक्कम आहे. अडचण सुरू होते ती त्याच्या वाचनात. 'हायड्रा आपली चेतासंस्था पुन्हा उभारतो. आपल्यात तीच जनुके आहेत. म्हणून आपल्यालाही ते शक्य आहे' असा युक्तिवाद चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येतो. त्यातली पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे मात्र त्यांतून निघत नाही. हायड्राच्या शरीरात चेतापेशी रोजच झडतात आणि मूलपेशींपासून रोजच नव्याने तयार होतात. पेशी शरीराच्या दोन्ही टोकांकडे सरकत राहतात. त्यामुळे कापल्यानंतरचे पुनर्जनन हा त्याच्या नित्यक्रमाचाच पुढचा भाग असतो. इजेला दिलेले ते खास उत्तर नव्हे. याहून बोलका पुरावा १९७० च्या दशकातील आहे. रिचर्ड कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत कोल्चिसिन या द्रव्याच्या साहाय्याने चेतापेशीविरहित हायड्रा तयार करण्यात आले. त्यांना हाताने भरवावे लागे. परंतु भरविल्यास ते जगत आणि कापल्यास पुन्हा वाढतही. याचा अर्थ, हायड्राचे शीर परत येण्यासाठी चेतापेशींची मुळीच आवश्यकता नाही. चेतासंस्थेच्या बरे होण्याचे उदाहरण म्हणून ज्या प्राण्याकडे बोट दाखविले जाते, तो चेतासंस्थेवाचूनही बरा होतो. ही बाब शिकविली गेली तर वरील युक्तिवाद आपोआपच सैल पडतो.

उंदराच्या मेंदूतील संघटक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांचे काम याच संकल्पनेला सस्तन प्राण्याच्या मेंदूत नेते. टोळे यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले. मराठी वृत्तपत्रांनी त्या बातम्या छापल्या, पण कामाविषयी दोन वाक्यांपलीकडे फारसे काही लिहिले नाही.

स्मृतीशी निगडित असलेला 'हिप्पोकॅम्पस' हा मेंदूचा भाग प्रमस्तिष्क बाह्यकाच्या कडेला घडतो. त्या कडेशीच पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिला या विषयात 'हेम', म्हणजे कपड्याची दुमडलेली किनार, असे नाव आहे. टोळे यांचा गट आणि कॅलिफोर्नियातील एडविन मोनुकी यांचा गट यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात 'एलएचएक्स२' या जनुकाचा विचार आहे. भ्रूणावस्थेतील उंदराच्या बाह्यकात हे जनुक काही ठिपक्यांपुरते निकामी केले असता, ते ठिपके बाह्यक न बनता किनार बनतात. आणि त्यांच्या शेजारच्या, ज्यांच्यात काहीही बिघडवलेले नाही अशा पेशी हिप्पोकॅम्पस होऊ लागतात.

या प्रयोगाची खरी ताकद ठिपक्यांच्या रचनेत आहे. संपूर्ण मेंदूतून जनुक काढले असते तर परिणाम त्या पेशींच्या आतून झाला की शेजाऱ्यांकडून आला, हे ठरविता आले नसते. श्पेमान यांनी जे काम कलम करून केले, ते येथे जनुकीय ठिपक्यांनी केले आहे. 'संघटक' हा शब्द त्यामुळे अलंकार म्हणून न येता कसोटीला उतरून येतो. आणखी एक योग नोंदविण्याजोगा आहे. किनारीतून निघणाऱ्या 'डब्ल्यूएनटी' कुळातील एका संदेशावाचून हिप्पोकॅम्पस घडत नाही, हे दाखविणारा शोधनिबंध २००० मध्ये आला आणि त्याच्या लेखकांत टोळे आहेत. त्याच वर्षी जर्मनीतील एका गटाने हायड्राच्या मुखातील संघटकही याच कुळाचे रेणू वापरतो, असे प्रसिद्ध केले. पुण्याचा हायड्रा आणि मुंबईचा उंदीर हे एकाच धड्यात शिकविण्याचे याहून चांगले निमित्त नाही.

परंतु याच निबंधात एक अट आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. एलएचएक्स२ निकामी केल्याचा हा परिणाम भ्रूणविकासाच्या अगदी आरंभीच्या काळातच मिळतो. चेतापेशींची निर्मिती सुरू होण्याआधीची ती खिडकी मिटली की जनुक काढूनही बाह्यकाचा हिप्पोकॅम्पस होत नाही. २०११ च्या निबंधात याच जनुकाचे उत्तरार्धातील वेगळे काम पुढे आले : पूर्वजपेशींनी चेतापेशी निर्माण करावयाच्या की आधारपेशी, यांतील पालट कधी व्हावा, यावर ते नियंत्रण ठेवते. म्हणजे जनुक तेच, पण पेशीचे वय बदलले की त्याचा अर्थ बदलतो. विकासाचे ज्ञान जसेच्या तसे इजेच्या प्रकरणात का वापरता येत नाही, याचे उत्तर या संशोधनाच्या आतच आहे.

इजेचा प्रश्न

इजेचा प्रत्यक्ष अभ्यास हा वेगळा प्रदेश आहे. सस्तन प्राण्याच्या मेंदूत किंवा मेरुरज्जूत तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढत नाही, हे काहाल यांच्या काळापासून ठाऊक होते. आल्बेर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८० आणि १९८१ मध्ये दाखविले की, हातापायांकडे जाणाऱ्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडल्यास तेच अक्षतंतू त्यातून लांबवर वाढतात. पेशीची वाढण्याची क्षमता संपलेली नसते, भोवतालची परिस्थिती तिला अडविते, हा विचार तेथून रुजला. तोही अर्धाच खरा निघाला. गोलकृमीच्या बाबतीत परिस्थिती तुलनेने अनुकूल आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील अनिंद्य घोष-रॉय यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखविले की, लेसरने तोडलेल्या स्पर्शचेतापेशीची दोन टोके पुन्हा एकमेकांत मिसळू शकतात आणि स्पर्शाची जाणीव परत येते. मात्र वय वाढते तशी ही क्षमता घटते, आणि हा उतार पेशीच्या आतल्या एका सूक्ष्म आरएनए रेणूशी जोडलेला आहे. येथे काळाची अट पुन्हा समोर येते.

हा सगळा तपशील अभ्यासकांपुरता आहे, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. उसाच्या ट्रॉलीखाली, विहिरीच्या कामावर किंवा रस्त्यावरील अपघातात ज्याचा कमरेखालचा भाग निकामी झाला आहे, असा माणूस जिल्ह्यातल्या अनेक गावांत सापडतो. त्याच्या घरच्यांना कोणीतरी मूलपेशी उपचाराचे माहितीपत्रक आणून देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार प्रस्थापित मानलेले नाहीत. ते रीतसर चाचणीच्या चौकटीतच करावयाचे आहेत. तरीही जमीन गहाण पडते.

या ठिकाणी मराठी परिभाषेचाही वाटा आहे. जुन्या पिढीने 'मज्जासंस्था', 'मज्जातंतू', 'मज्जारज्जू' असे शब्द रूढ केले. शालेय पुस्तकांनी 'चेतासंस्था' स्वीकारली, विश्वकोशाने 'तंत्रिका तंत्र' पसंत केले. बोलण्यात मात्र 'मज्जारज्जू' टिकून आहे. दुसरीकडे हाडाच्या पोकळीतील ऊतीलाही आपण 'अस्थिमज्जा' म्हणतो; आणि या उपचारांत पेशी बहुधा तेथूनच काढून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. हाडातली मज्जा काढून पाठीतल्या मज्जेत घालायची, हे ऐकणाऱ्याला घरच्याच विहिरीचे पाणी घरच्याच हौदात ओतण्याइतके स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात त्या दोन ऊतींचे भ्रूणातील मूळस्तरच भिन्न आहेत : एक मध्यस्तरातून येते, दुसरी बाह्यस्तरातून. हे वाक्य पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पाठ म्हणतो. पण माहितीपत्रक हाती आल्यावर त्याला ते आठवत नाही, कारण तसे ते कधी शिकविलेच गेलेले नसते.

पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रायोगिक भ्रूणशास्त्राची परंपरा लीला मुळहेरकर यांनी घातली. एडिंबरा येथे वॉडिंग्टन यांच्याकडे त्या शिकल्या होत्या आणि कोंबडीच्या भ्रूणावर काम करीत होत्या. त्या परंपरेतून प्रात्यक्षिकांत उरले ते चोवीस, तेहेतीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांच्या भ्रूणाच्या तयार काचपट्ट्या. विद्यार्थी त्यांची आकृती काढतो, नावे देतो आणि वही मिटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदनावर मर्यादा आणल्या आणि २०१४ मध्ये बंदी घातली. ती योग्यच होती. परंतु रिकाम्या झालेल्या तासिकेत काय बसवायचे, याचा विचार बहुतेक ठिकाणी तक्ते आणि संगणकावरील चित्रफितींपाशी थांबला. मिटलेली चेतानलिका तेहेतीस तासांच्या पट्टीवर स्पष्ट दिसते. ती मिटण्यापूर्वी शक्य असलेले काय काय ती मिटल्यावर अशक्य होते, हा प्रश्न त्या आकृतीखाली विचारता येतो आणि त्यासाठी कोणताही नवा प्राणी लागत नाही. हायड्राच्या प्रात्यक्षिकाला समितीची संमती मिळाली, तर दोन-तीन दिवसांत काचेच्या वाटीत नवे शीर दिसेल. ते पाहून झाल्यावर चेतापेशीविरहित हायड्राचा प्रयोग त्याच तासाला सांगावा. पुढच्या तासापर्यंत तो राखून ठेवू नये.