‘गोइंग माय वे’ : वेदी आणि रंगमंच यांच्या परस्परसंबंधाचा विचार

प्रस्तावना

धर्मगुरू आणि रंगमंचीय कलावंत यांना समोरासमोर आणणारे काही महत्त्वाचे चित्रपट हॉलिवूडच्या संगीतप्रधान चित्रपटपरंपरेत आढळतात. ‘सान फ्रान्सिस्को’ (१९३६) या चित्रपटात धर्मगुरू मनोरंजनगृहाच्या मालकाला सन्मार्गावर आणू पाहतो. ‘देअर्स नो बिझनेस लाइक शो बिझनेस’ (१९५४) मध्ये कलावंत कुटुंबातील एक मुलगाच धर्मगुरू होतो. या दोहोंच्या मध्ये, १९४४ साली, लिओ मॅकॅरी यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोइंग माय वे’ प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पुरस्कार त्याला लाभले. मनोरंजनातून धर्मकार्य साधणारा आनंददायी चित्रपट अशीच त्याची सर्वसाधारण ओळख आहे. तथापि त्यातील गीतांचा क्रम पाहिला असता हे नाते तितके सरळ नाही, असे दिसून येते.

पार्श्वभूमी व कथानक

हॉलिवूडच्या आचारसंहितेचा मसुदा १९३० मध्ये तयार झाला. जेझुइट धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा त्यात प्रमुख वाटा होता. १९३४ पासून तिची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. धर्मगुरूंना विनोदी पात्र अथवा खलपात्र म्हणून दाखवू नये, असे तिचे बंधन होते. लॉरेल-हार्डी यांच्या लघुपटांपासून विनोदाचा अनुभव असलेल्या मॅकॅरी यांनी या मर्यादेत राहून धर्मगुरूंचे माणूसपण रंगविले.

न्यूयॉर्कमधील सेंट डॉमिनिक हा कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला धर्मग्राम. तेथे पंचेचाळीस वर्षे सेवा करणारे वृद्ध फादर फिट्झगिबन (बॅरी फिट्झजेराल्ड) आणि कारभार सावरण्यासाठी आलेले तरुण फादर ओमॅली (बिंग क्रॉस्बी) यांच्यातील स्नेहाची ही कथा आहे. ओमॅली हे गीतरचना करणारे आहेत. धर्मसेवेत येण्यापूर्वी जेनी या गायिकेशी त्यांचे प्रेमसंबंध होते. तीच आता जेनेव्हीव्ह लिंडेन या नावाने मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाते. ही भूमिका रीझे स्टीव्हन्स या प्रत्यक्ष त्याच संस्थेतील गायिकेने केली आहे.

तीन गीते, तीन श्रोते

चित्रपटाचा आशय तीन गीतांतून उलगडतो. पहिले शीर्षकगीत. धर्म आनंददायी असावा, ही ओमॅली यांची श्रद्धा त्यात व्यक्त झाली आहे. कर्जफेडीसाठी हे गीत विकावे म्हणून जेनी आणि मुलांचा गायकवृंद ते प्रकाशकासमोर सादर करतात. प्रकाशक ते नाकारतो. कारण त्याला बाजारात मागणी नाही. निघता निघता मुलांचे ‘स्विंगिंग ऑन अ स्टार’ हे खेळकर गीत त्याच्या कानी पडते आणि तो ते विकत घेतो. धर्मगुरूचे अंतःकरण ज्यात आहे त्या गीताला मोल मिळत नाही. ज्यात ते अंशतःच आहे त्या गीताला मिळते. चर्चला मदत मिळते खरी, परंतु ती बाजाराच्या अटीवर. मॅकॅरी यांनी हा प्रसंग हलक्या हाताने चित्रित केला असला तरी त्यातील वास्तव झाकलेले नाही.

या यशालाही चित्रपट अखेरचा शब्द मानत नाही. पुढे चर्चला आग लागते आणि सारे पुन्हा उभारावे लागते. येथे तिसऱ्या गीताचे महत्त्व लक्षात येते. खचलेल्या फिट्झगिबन यांच्या उशाशी बसून ओमॅली एक आयरिश अंगाईगीत गातात. त्याला प्रकाशक नाही, गिऱ्हाईक नाही; श्रोता एकच. शेवटी आयर्लंडहून आणलेली वृद्ध आई पुत्राला कवेत घेते तेव्हा मुलांचा वृंद हेच अंगाईगीत गातो. ज्या गाण्याची विक्री झाली नाही, तेच सर्वांत खोलवर पोहोचते.

मात्र येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. हे अंगाईगीत लोकपरंपरेतील वाटत असले तरी ते जेम्स रॉइस शॅनन यांनी १९१३ मध्ये अमेरिकन संगीत नाटकासाठी लिहिलेले आहे. ज्याला आपण बाजाराबाहेरचे, निर्मळ समजतो तेही मूळचे रंगमंचाचेच अपत्य ठरते. त्यामुळे वेदी आणि रंगमंच यांच्यातील सीमारेषा गीताच्या उगमावरून आखता येत नाही; ते कोण कोणासाठी गातो, यावरूनच ती ठरते.

मर्यादा

चित्रपटाची खरी उणीव भावुकतेत नसून जेनीच्या चित्रणात आहे. ओमॅली यांच्या गळ्यातील धर्मगुरूची पट्टी पाहताच तिला जुन्या नात्याचा शेवट उमगतो. त्यानंतर तिच्या मनाची दखल कथानक फारशी घेत नाही. ती आपला आवाज, आपला रंगमंच आणि आपली प्रतिष्ठा धर्मग्रामासाठी देते. आगीनंतर निधी उभारण्यासाठी मुलांचा वृंद तिच्यासोबतच दौऱ्यावर जातो. ओमॅली यांच्या त्यागाला गीत लाभले, तिच्या त्यागाला एक प्रसंगही लाभला नाही. कलावंतांकडून घेणे चित्रपटाला सहज जमते. त्यांचे ऋण मानणे मात्र जमत नाही.

समारोप

नाताळच्या आदल्या रात्री, आई आणि मुलगा भेटत असताना, फादर ओमॅली कोणाचाही निरोप न घेता अंधारात निघून जातात. प्रयोग संपल्यावर टाळ्यांसाठी थांबतो तो नट. ओमॅली थांबत नाहीत. त्यांनी रंगमंचाची सर्व साधने वापरली, परंतु नटाला मिळणारे श्रेय स्वीकारले नाही. धर्मगुरू आणि नट यांच्यातील भेद चित्रपट या एका कृतीतून सुचवितो. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झालेल्या या कलाकृतीचे मूल्य तिने दिलेल्या सुखद उत्तरापेक्षा या मूक निर्गमनात अधिक आहे, असे म्हणता येते.