झुंबर कोणाच्या डोक्यावर?

हायडनच्या क्रमांक दिलेल्या १०४ सिंफनींतून आवडत्या निवडायला बसलं की आधी टोपणनावंच पुढे येतात: ‘सरप्राइज’, ‘क्लॉक’, ‘मिलिटरी’. बहुतेक हायडनने दिलेली नाहीत, पण नाव लक्षात राहतं आणि तीच सिंफनी पुन्हा लावली जाते. ‘मिरॅकल’चंच पाहा. २ फेब्रुवारी १७९५ला लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये झुंबर कोसळलं. श्रोते हायडनला जवळून पाहायला पुढे गेले होते म्हणून वाचले, असं सांगतात. त्या दिवशी वाजत होती १०२. नाव मात्र चिकटलं ९६ला!

माझ्या यादीत १०२ सर्वांत वर आहे, ती झुंबरामुळे नव्हे, अडाजिओमुळे. ट्रम्पेट आणि टिंपनी आवाज दाबून वाजतात, आत एकटा चेलो अस्वस्थपणे फिरत राहतो. हेच संगीत हायडनच्या एका पियानो ट्रिओतही आहे. तिथे ते सुंदर वाटतं, इथे भीती वाटते.

‘सरप्राइज’ मी वगळली. १७७२ची ‘फेअरवेल’ मात्र वगळवत नाही. शेवटी वादक एकेक करून उठून जातात, ती गंमत सगळ्यांना ठाऊक असते. मी ती लावतो पहिल्या भागासाठी: एफ शार्प मायनरमधला तो संताप ऐकल्यावर रजेचा अर्ज विनोदी वाटत नाही.