लघुसंघ-फुटबॉल : स्पर्शगणनेची मर्यादा

बालवयातील फुटबॉल-शिक्षणात लहान संघांच्या खेळाने आता दृढ स्थान मिळविले आहे. नेदरलंड्समध्ये १९८० च्या दशकापासून ‘चार विरुद्ध चार’ हा खेळ या शिक्षणाचा पाया मानला गेला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१२ मध्ये पाच, सात, नऊ आणि शेवटी अकरा खेळाडूंचे संघ अशी वयानुसार चढण मान्य केली. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटाला दोन-दोन वा तीन-तीन खेळाडूंचे सामने बंधनकारक झाले. या सुधारणेच्या इष्टतेविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. शंका आहे ती तिच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या प्रमाणाविषयी.

हे प्रमाण म्हणजे चेंडूला झालेल्या स्पर्शांची संख्या. या शतकाच्या आरंभी मँचेस्टर युनायटेडने नऊ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी उद्‌धृत केला जातो. आठ विरुद्ध आठ या खेळाच्या तुलनेने चार विरुद्ध चारमध्ये पास १३५ टक्क्यांनी, गोलाचे प्रयत्न २६० टक्क्यांनी आणि गोल ५०० टक्क्यांनी अधिक आढळले. आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु त्यांतून काय सिद्ध होते? चेंडू एकच असताना खेळणारे सोळांचे आठ केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तो अधिक वेळा येणार, हे अंकगणित झाले, अध्यापनशास्त्र नव्हे. शिवाय त्या प्रयोगात एकच खेळ नव्हता. चार गोलांचा खेळ, रेषेपलीकडे चेंडू नेण्याचा खेळ, गोलरक्षकांसह खेळ असे निरनिराळे प्रकार त्यात होते. चार गोल उभे केलेल्या मैदानावर गोल अधिक झाले, याचे श्रेय खेळाडूंच्या संख्येला किती आणि गोलांच्या मांडणीला किती, हे केवळ बेरजेवरून ठरविता येत नाही.

खेळाडूंची संख्या कमी केली म्हणजे खेळाचे स्वरूप निश्चित झाले, हा समजही असाच अपुरा आहे. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद अशा पूर्ण मैदानावर बावीस खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. चार-चारांचा सामना ४० बाय ३० मीटरच्या जागेत घेतला, तर हे प्रमाण १५० वर येते. ३० बाय २० च्या जागेत अवघे ७५ वर. दोन्ही खेळांचे नाव एक; पण पहिल्यात मुलाला वळून समोर पाहण्यास उसंत मिळते, दुसऱ्यात चेंडू पायाशी येतो न येतो तोच प्रतिस्पर्धी अंगावर येतो. लहान जागेत थांबणे-वळणे वाढते, मात्र पूर्ण वेगाची धाव क्वचितच घडते, हे शरीरक्रियाशास्त्रीय निरीक्षणांतून वारंवार दिसून आले आहे. दूरवरच्या सहकाऱ्याकडे चेंडू पोचविण्याची कला तर तेथे शिकताच येत नाही. दूरवर कोणी नसतेच. म्हणूनच इंग्लंडच्या योजनेतील नऊ खेळाडूंची पायरी, जिची चर्चा सर्वांत कमी होते, ती या लेखकास सर्वांत मोलाची वाटते.

मांडणीचे महत्त्व ज्याने नेमके ओळखले तो होर्स्ट वाइन. हा गृहस्थ मूळचा हॉकीचा प्रशिक्षक, हे लक्षणीय आहे. फुटबॉलच्या रूढींचे ओझे त्याच्यावर नसावे. त्याच्या ‘फुनिन्यो’ या तीन-तीनांच्या खेळात प्रत्येक संघापुढे एक नव्हे, दोन छोटे गोल असतात, आणि गोलाजवळच्या सहा मीटरच्या पट्ट्यात शिरल्यावाचून गोल मारता येत नाही. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा राहतो. तो दिसायचा तर मान वर करावी लागते. येथे नियमच शिक्षकाचे काम करतो. याउलट गोलच नसलेल्या, केवळ चेंडू राखण्याच्या खेळात स्पर्श विपुल होतात. पण चेंडू का राखावयाचा आणि कोठे न्यावयाचा, हा प्रश्न मुलाला पडतच नाही.

जर्मनीतील सुधारणेवर २०२३ मध्ये हान्स-योआखिम वात्स्के यांच्यासारख्या जबाबदार पदाधिकाऱ्याने कठोर टीका केली. गुणतक्ते नाहीसे झाल्याने मुलांना पराभव पचविण्याची सवय राहणार नाही, असा तिचा रोख होता. आक्षेप क्षुल्लक नाही, पण तो चुकीच्या ठिकाणी लागतो. त्या पद्धतीत जिंकणारा संघ शेजारच्या वरच्या मैदानावर व हरणारा खालच्या मैदानावर जातो; हार-जीत एका दुपारी अनेकदा भोगावी लागते. नाहीसा होतो तो प्रशिक्षकाचा तक्ता. आणि त्याच तक्त्यापायी जानेवारीत जन्मलेला दांडगा मुलगा पुढे आणि डिसेंबरात जन्मलेला किरकोळ मुलगा राखीव बाकावर, अशी निवड आजवर होत आली.

मात्र त्या किरकोळ मुलाला केवळ चेंडू मिळून भागत नाही. रेषेवर उभा राहून ‘पास दे, पास दे’ असा घोष करणारा प्रशिक्षक असेल, तर स्पर्श वाढतील, पण निवड त्या मुलाची नसेल. पदव्युत्तर संशोधकाने नोंदपुस्तिकेत स्पर्शांचा रकाना अवश्य ठेवावा. पण त्याच्या शेजारी, दोन वाटा मोकळ्या असताना मुलाने बाहेरच्या सूचनेविना एक निवडली असे किती वेळा घडले, याचाही एक रकाना आखावा. तो भरणे कष्टाचे आहे. त्यासाठी एकाच सामन्याचे चित्रण दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहावे लागेल आणि मतभेदांची नोंदही ठेवावी लागेल.