नौकेवरचा संसार

समुद्रप्रवासाची पुस्तके आपल्या घरांतून फारशी वाचली जात नाहीत. ज्यांच्या घरचे कर्ते पुरुष मासेमारीला किंवा बोटीवर नोकरीला जातात, त्यांच्या लेखी समुद्र ही पोटापाण्याची बाब असते. बायकामुलांसह हौसेने समुद्रावर बिऱ्हाड थाटणारा मनुष्य त्यांना खुळा वाटला तर नवल नाही. डूगल रॉबर्टसन यांचे ‘सर्व्हाइव्ह द सॅव्हेज सी’ हे १९७३ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक मला अशाच एका घरातून मिळाले. सारे आयुष्य बोटीवर काढून निवृत्त झालेल्या एका धर्मग्रामस्थाने ते माझ्या हाती ठेवले आणि म्हटले, “फादर, बाप बरोबर की चूक, एवढं मला वाचून सांगा.” हे परीक्षण म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम कथानक. रॉबर्टसन हे तरुणपणी व्यापारी जहाजावरील अधिकारी. पुढे त्यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात, लीक गावाजवळ दुग्धव्यवसाय केला. पत्नी लिन परिचारिका होती. कष्ट पुष्कळ आणि मिळकत बेताची, असे ते दिवस होते. एका सकाळी जगप्रदक्षिणेच्या नौकास्पर्धेची बातमी रेडिओवर चालू असता धाकट्या मुलाने सहज विचारले, की आपले बाबा तर दर्यावर्दी, मग आपण का जाऊ नये? पोराच्या बोलण्यावर बाप हसतो आणि विसरतो, अशी जगाची रीत. या बापाने मात्र गुरेवासरे आणि शेतवाडी विकली आणि ‘ल्युसेट’ नावाची अर्धशतक जुनी, दोन डोलकाठ्यांची लाकडी शिडाची नौका विकत घेतली. २७ जानेवारी १९७१ रोजी फालमथ बंदरातून हे कुटुंब निघाले. आई-वडील, थोरला डग्लस, कन्या ॲन आणि नील व सँडी ही शाळकरी जुळी मुले. खऱ्या समुद्राचा अनुभव काय तो एकट्या पित्याला.

अटलांटिक ओलांडून ते कॅरिबियन बेटांत आले. बहामा बेटांवर ॲनने नौका सोडली. पनामात रॉबिन विल्यम्स हा वेल्समधील तरुण पदवीधर त्यांच्यात सामील झाला. तेथून ती मंडळी गालापागोसला पोहोचली. माणसाला न भिणारे प्राणी, समुद्रात चरणाऱ्या घोरपडी, उड्डाण विसरलेले पाणकावळे यांमुळे प्रसिद्ध असलेला हा द्वीपसमूह पाहून १३ जून १९७२ रोजी त्यांनी फर्नांडिना बेट सोडले. पुढचा मुक्काम होता मार्केसास बेटे. १५ जूनला देवमाशांच्या जातीच्या शिकारी ‘किलर व्हेल’नी नौकेच्या तळाला धडका दिल्या आणि पाहता पाहता ती बुडाली. सहा जीव, एक हवा भरलेला रबरी तराफा, एक लहानशी होडी, काही कांदे, संत्री, लिंबे, बिस्किटे, थोडे पाणी आणि लिनची शिवणाची पेटी एवढाच संसार उरला. अडतीस दिवसांनी, २३ जुलै रोजी, ‘तोका मारू’ या जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलून घेतले. सहाही जण जिवंत होते.

वाचकाला बांधून ठेवणारा भाग अर्थातच या अडतीस दिवसांचा. रॉबर्टसन यांची भाषा रोकडी आहे. बेटांकडे परत फिरावे तर वारा विरोधी आणि मार्केसास तर हजारो मैल दूर. म्हणून उत्तरेस विषुववृत्ताजवळील निर्वात पट्ट्यात शिरावे, तेथे पाऊस मिळेल. आणि तेथून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रतिप्रवाहाच्या आधाराने मध्य अमेरिकेचा किनारा गाठावा, असा त्यांचा हिशेब. एरवी भूगोलाच्या पुस्तकात निर्जीव वाटणारे वारे आणि प्रवाह येथे जीवनमरणाचे होतात. हे स्पष्टीकरण मी दोनदा वाचले, आणि आपल्या शाळांतून भूगोल असा शिकवला गेला असता तर, असा विचार मनात येऊन गेला.

परंतु माझा मुख्य आक्षेप येथूनच सुरू होतो. पहिल्या आठवड्याच्या सुमारास एक जहाज त्यांच्या जवळून जाते. ते अग्निबाण सोडतात, हात हलवतात. जहाज न पाहता निघून जाते. त्या क्षणी आपल्या ठायी शिकारी श्वापदाची वृत्ती जागी झाली, सुटकेची आशा सोडून केवळ जगण्याचा निर्धार झाला, अशा आशयाचे रॉबर्टसन लिहितात. पुस्तकाच्या शीर्षकातील ‘सॅव्हेज’ हा शब्द समुद्राला लावलेला असला, तरी त्याचा रोख त्यांच्या स्वतःच्या या रूपांतराकडेही आहे. समीक्षक बहुधा याच परिच्छेदावर लुब्ध होतात. मला मात्र लेखकाला आपल्याच कथेचा अर्थ नीट लागलेला नाही असे वाटते.

पुढची पाने काय सांगतात ते पाहा. तराफ्याला भोके पडली आहेत, तोंडाने फुंकून हवा भरावी लागते आहे, खाऱ्या पाण्यात बसून अंगावर फोड उठले आहेत. अशा वेळी पाण्याचा घोट मोजून दिला जातो. कासव मारले की त्याचे रक्त आधी, गोठण्यापूर्वी, वाटले जाते. मांस कापून उन्हात वाळत घातले जाते. चरबीचे तेल काढून अंगाला चोळले जाते. होडीत साचलेले नासके पाणी पिणे धोक्याचे, पण एनिमावाटे ते शरीराला देता येईल, हे लिनला तिच्या परिचर्येच्या विद्येमुळे सुचते, आणि संकोच बाजूला ठेवून ती ते करते. सतराव्या दिवशी तराफा निकामी झाल्यावर सहाही जण जेमतेम नऊ-दहा फुटी होडीत येतात. कोणी कोठे बसायचे, कोणी केव्हा पाय पसरायचे, हे सारे ठरवावे लागते. रॉबिन हा रक्ताच्या नात्याचा नाही. तरी त्याचा वाटा तोडला जात नाही. आणि भुकेने कासावीस झालेली ही माणसे काय करतात? घरी परतल्यावर लीक गावात उपाहारगृह काढण्याचा बेत करतात, त्याला ‘डूगल्स किचन’ असे नाव देतात आणि तेथील पदार्थांच्या याद्या तासन्‌तास रचत बसतात!

हा रानटीपणा म्हणावा काय? शिकार बापाने केली हे खरे, आणि तीत थोरल्या मुलाचे हातही होते. पण शिकारीचे अन्न झाले ते वाटपामुळे, आणि वाटप टिकले ते घर टिकल्यामुळे. ज्याला लेखक श्वापदवृत्ती म्हणतो, तिला आमच्या बोलीत प्रपंच म्हणतात. लिनचे व्यक्तिचित्र त्यांनी ममतेने रेखाटले आहे, तरीही तिचे काम त्यांना कथेच्या कडेला दिसते. माझ्या वाचनात ते मध्यावर आहे.

लिन श्रद्धाळू होती. डूगल यांना प्रार्थनेत रस नव्हता, आणि हा भेद पुस्तकात दडवलेला नाही. यावर एखादे प्रवचन बेतावे असा मोह माझ्यासारख्याला होणे स्वाभाविक आहे. तो मी टाळतो. एकाच होडीत प्रार्थना करणारी पत्नी आणि न करणारा पती यांनी एकमेकांचा हात सोडला नाही, एवढे नोंदवणे पुरे.

दुसरा दोष अधिक गंभीर. निघाल्यापासून नौका बुडेपर्यंत जवळजवळ सतरा महिने गेले. त्यांना पुस्तकात फार थोडी जागा मिळाली आहे. मुलांना जग दाखवावे, जीवनाच्या शाळेत शिकवावे, ही पित्याची भूमिका आपल्याला कळते. पण मुलांना काय वाटत होते, आईच्या मनात काय चालले होते, पूर्वतयारी पुरेशी होती काय, हे प्रश्न घाईने उरकले जातात. ही उणीव १९७३ नंतर बत्तीस वर्षांनी मुलाने भरून काढली. डग्लस रॉबर्टसन यांच्या ‘द लास्ट व्हॉयेज ऑफ द ल्युसेट’ या २००५ सालच्या पुस्तकात बुडण्यापूर्वीचा प्रवास विस्ताराने येतो, आणि कठोर, आग्रही बापही दिसतो. त्या चित्रात राग आहे, प्रेमही आहे. बापाच्या पुस्तकाशेजारी मुलाचे पुस्तक ठेवल्याशिवाय हा प्रवास पुरता कळत नाही.

मग बाप बरोबर की चूक? सुखरूप परतल्यामुळे तो बरोबर ठरत नाही. अनुभव नसलेल्या मुलांना घेऊन जुनी नौका महासागरात लोटणे हे मला आजही अविचाराचे वाटते, आणि घरातल्या लहानग्यांचा जीव हे कोणाच्याही धाडसाचे भांडवल होऊ शकत नाही. मात्र चूक घडल्यानंतर त्याच माणसाने जे केले, त्यापुढे मी मान लववतो. १९७५ साली त्यांनी समुद्रावर जीव कसा वाचवावा याचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. स्टीव्हन कॅलाहान हा अमेरिकन दर्यावर्दी १९८२ मध्ये अटलांटिकवर तराफ्यातून शहात्तर दिवस वाहत राहिला, तेव्हा ते पुस्तक त्याच्यापाशी होते. स्वतः डूगल पुन्हा नौका घेऊन भूमध्य समुद्रावर राहू लागले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या पालकांसाठी एक सूचना: कासवे मारण्याची वर्णने रक्ताळलेली आहेत, तेव्हा ती आधी स्वतः वाचून पाहावीत. पुस्तक परत करताना मी त्या गृहस्थांना वरील उत्तर तोंडी सांगितले. ते म्हणाले, “माझी बायको वाचून हेच म्हणाली होती, पण तिला इतकं लांबवावं लागलं नव्हतं.”