लाकडी फलकावरील भविष्यकालीन विमाने : प्रतिमा, पृष्ठभाग आणि पुरावा

दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यासाठी प्लायवूड अथवा एमडीएफच्या फळीवर छापलेली विमानांची चित्रे सजावटीच्या बाजारात आता चांगलीच रुळली आहेत. त्यांतील एक लक्षणीय गट प्रत्यक्षात कधीही न उडालेल्या, केवळ कल्पिलेल्या विमानांचा आहे. कलासमीक्षेने अशा वस्तूंची फारशी दखल घेतलेली नाही. परंतु या फलकचित्रांत चित्र काय दाखवते याइतकेच ते कशावर छापले आहे हेही अर्थपूर्ण ठरते, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

छपाईची प्रक्रिया साधी आहे. शाई थेट फळीवर पडते आणि अतिनील प्रकाशात तत्काळ सुकते. शाईखाली पांढरा थर दिला तर लाकूड झाकले जाते. न दिल्यास चित्रातील उजळ जागा तपकिरी होतात, आकाशातून रेषे दिसू लागतात आणि काल तयार केलेले चित्र अर्धशतक जुने भासते. सजावटीला हवा असतो तो हाच परिणाम. उद्याचे विमान अशा रीतीने कालची आठवण म्हणून जन्माला येते.

पाश्चात्त्य नमुन्यांत याने फारसे बिघडत नाही. अमेरिकन रचनाकार नॉर्मन बेल गेडिस यांनी १९२९ मध्ये आखलेले 'एअर लायनर क्रमांक ४' हे अशा चित्रांचे एक पूर्वज मानता येईल. ५२८ फूट पंखविस्तार, २० इंजिने, ४५१ प्रवासी असा तो अवाढव्य प्रकल्प होता. तो उडाला नाही. तथापि माणसे कोठे झोपतील, कोठे जेवतील याचा विचार त्यात होता. आजच्या फलकांवरील विमानांत माणूसच नाही, उरते ती केवळ बाह्याकृती. ही दरिद्रता खरी, पण ती कोणाची फसवणूक करीत नाही.

आपल्याकडे प्रश्न अधिक गंभीर होतो. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या विमानांचे आराखडे सुब्बराय शास्त्री यांच्या सांगण्यावरून टी. के. एल्लप्पा या आरेखकाने १९२३ मध्ये काढले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ग्रंथाची चिकित्सा करून तो विसाव्या शतकातील असल्याचा व त्यातील विमाने उड्डाणक्षम नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंधात याच परंपरेचा आधार घेतला गेला. असा आराखडा रेषेदार तपकिरी फळीवर उमटतो, तेव्हा लाकूड त्याला त्याचे नसलेले वय बहाल करते. ग्रंथाचा दावा वाचून तपासता येतो. भिंतीवरचे जुनेपण मात्र कोणी तपासत नाही. विद्यार्थी 'चित्र पाहिले आहे' असे सांगतो तेव्हा त्या वाक्यात पुराव्याचा सूर असतो, हा अध्यापकांच्या परिचयाचा अनुभव आहे. (चित्र म्हणून शकुन विमान प्रस्तुत लेखकास आवडते, पक्ष्याचे शरीर आणि यंत्राचे मजले यांचा तो मेळ मोठा विलक्षण आहे.)

लाकूड आणि विमान यांचे खरे नाते पाहावयाचे तर जुहूकडे वळावे लागते. १९२८ मध्ये सुरू झालेल्या तेथील विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले. त्यांच्या 'पस मॉथ' विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि त्यांवर कापड ताणलेले होते. त्या लाकडाला भार पेलावा लागे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टपालसेवा त्या काळात पुण्याहून चालवावी लागे. भविष्याचे यंत्र चिखलाशी, ऋतूशी आणि टपालाच्या वजनाशी असे बांधलेले होते. फलकचित्रांतील विमानाखाली जमीनच नसते, ही त्यांची सर्वांत मोठी कलात्मक उणीव होय. केवळ गुळगुळीत आकार दाखवला म्हणजे भविष्य दाखवले, असे होत नाही.

लाकडावर छापू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. किंबहुना 'पस मॉथ'च्या पंखाची अंतर्रचना लाकडावर छापली तर पृष्ठभाग आणि विषय एकमेकांना साक्ष देतील. शकुन विमानाबाबत अपेक्षा याहून लहान आहे. मूळ आराखड्यावर एल्लप्पांचे नाव, बंगळूर आणि १९२३ सालची तारीख इंग्रजी अक्षरांत नोंदलेली आहे. फळीच्या मापात चित्र बसविताना तेवढा मजकूर कापला जाऊ नये.