टाइम प्लीज : नोकरदाराचा वेळ आणि व्हिडिओ गेमची घडण

मराठीत 'वेळ काढणे' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. 'तुमच्यासाठी मुद्दाम वेळ काढला' असे म्हणताना त्यात निवड असते, आपुलकी असते. 'स्टँडवर कसाबसा वेळ काढला' असे म्हणताना मात्र वेळ ही एकदाची संपवून टाकायची गोष्ट असते. व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक दुसऱ्या अर्थाला धरून. मुलांनी गेम खेळणे म्हणजे अभ्यासाचा वेळ दवडणे. आणि चाळिशीतल्या माणसाने खेळणे म्हणजे तर कबूल करायचीही चोरी. पण नव्वदच्या दशकात टीव्हीला यंत्र जोडून, त्यात 'कॅसेट' खुपसून 'मारिओ' खेळणारी मुले आज त्याच वयाची आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची खेळण्याची हौस फिटलेली नाही. सलग वेळ तेवढा संपला आहे. रात्री जेवणे उरकली, ओटा आवरला, उद्याचा डबा ठरला, ऑफिसच्या ग्रुपवरचा शेवटचा निरोप वाचून झाला की हाती उरतो पाऊण तास, आणि तोही अखंड राहील याची खात्री नसते.

या अडचणीवर सुचवले जाणारे उपाय खेळणाऱ्यालाच सुधारू पाहतात : लवकर उठा, वेळापत्रक आखा, रविवार राखून ठेवा. इथे हाच प्रश्न खेळाला विचारायचा आहे. व्हिडिओ गेम ही रचलेली कृती आहे, आणि खेळणाऱ्याचा दिवस कसा असतो याविषयीचे एक गृहीतक तिच्या रचनेतच असते. ते तपासणे हे समीक्षेचे काम आहे.

थांबण्याचा इतिहास

कादंबरी मध्येच सोडता येते. पानात खूण घातली की पुस्तक आपली वाट पाहते. आपण महिनाभर फिरकलो नाही म्हणून त्यातले कोणी पात्र मरत नाही. व्हिडिओ गेमला ही सोय जन्मतः नव्हती. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) किंवा 'पॅक-मॅन' (१९८०) नाणे टाकून खेळायचे होते. डाव लवकर संपावा आणि पुढचे नाणे पडावे यातच यंत्रमालकाचा फायदा होता. अवघड होत जाण्याचा त्या खेळांचा वेग केवळ सौंदर्यदृष्टीतून ठरलेला नव्हता. त्यामागे गल्ल्याचे गणितही होते.

खेळ घरात आला तेव्हा घरातले व्यत्यय आले. जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या 'चॅनल एफ' या १९७६ च्या अमेरिकी यंत्रावर चालू खेळ रोखून धरण्याचे एक बटण होते. दाराची बेल वाजली तर उठता येऊ लागले. पण थांबवणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे. यंत्र बंद केले की सगळे पुसले जाई. जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) या खेळाने त्यावर काढलेला तोडगा असा, की खेळणाऱ्याने अक्षरांचा एक लांबलचक मंत्र वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी तो बिनचूक भरायचा. 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या १९८७ च्या अमेरिकी कार्ट्रिजमध्ये बॅटरीच बसवली होती. तिच्यावर नोंद टिकून राही. आपल्याकडे घरोघरी खेळल्या गेलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मात्र अशी कोणतीच सोय नव्हती. रोज पहिल्या पायरीपासून सुरुवात. मे महिन्याच्या सुट्टीत त्याचे काही वाटत नसे, कारण तेव्हा वेळ ही मोजायची गोष्टच नव्हती.

येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने 'हाफ-रियल' (२००५) या ग्रंथात खेळण्याचा वेळ आणि खेळातल्या कल्पित जगाचा वेळ असा भेद केला आहे. कथनमीमांसेतल्या कथाकाल आणि कथनकाल या भेदाशी परिचित असलेल्या वाचकाला तो नवा वाटणार नाही. पण प्रौढ खेळाडूच्या बाबतीत तिसरा काळही हिशेबात घ्यावा लागतो : दोन बैठकांमधला, न खेळण्याचा काळ. तो एक रात्र असेल, तीन आठवडे असेल. त्या काळात खेळ काय करतो? आपल्यासाठी थांबतो, आपल्याला विसरतो, की आपल्याला शिक्षा करतो? 'पोकेमॉन फायररेड' (२००४) सुरू करताना खेळाडूने मागच्या वेळी काय काय केले हे थोडक्यात दाखवले जाई, क्रमशः कादंबरीच्या नव्या हप्त्याआधी मागच्या भागाचा सारांश यावा तसे. एवढी साधी गोष्ट. पण परतणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी केल्याची ती खूण आहे.

शेतावर पळालेला कारकून

या दृष्टीने 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा मोठा बोलका खेळ आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून तो घडवला. त्याची सुरुवातच ऑफिसात होते. मरणाला टेकलेले आजोबा नातवंडाच्या हाती एक बंद पत्र देतात; आयुष्याचे ओझे असह्य होईल तेव्हा ते उघडायचे. पुढे 'जोजा' नावाच्या कंपनीत संगणकापुढे बसलेला नायक, किंवा नायिका, ते उघडते आणि आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जाते. म्हणजे ज्याला वेळ नाही तोच या खेळाचा नायक आहे.

इथला दिवस सकाळी सहाला उगवतो आणि फार तर रात्री दोनपर्यंत चालतो. आपल्या घड्याळाने तो साधारण चौदा मिनिटांचा. संगणकावरच्या आवृत्तीत नोंद होते ती फक्त झोपल्यावर. दुपारी सोडलात तर सकाळपासूनचे काम वाया. त्यामुळे दिवस हेच इथले एकक, मराठीत ज्याला आपण 'डाव' म्हणू ते. चौदा मिनिटांचा डाव पाऊण तासात तीनदा बसतो. अडचण अशी, की प्रत्येक दिवसाच्या शेवटी उद्याचे आमिष लटकत असते : उद्या कोबी तयार होईल, उद्या गोठा बांधून होईल. 'एवढाच एक दिवस' म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते.

आणखी एक विसंगती खोल आहे. ऑफिसातून पळालेला हा माणस शेतावर पुन्हा कामाच्या यादीत सापडतो. पाणी, खत, जनावरे, गावकऱ्यांचे वाढदिवस. अंगातली शक्ती दाखवणारी पट्टी दिवसभर उतरत जाते. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन कामगिरी तपासतो आणि जास्तीत जास्त चार मेणबत्त्या लावतो. नोकरदाराला यात वार्षिक अप्रेजलची आठवण होणे अटळ आहे. लेखकाला हे व्यंग अभिप्रेत होते की नाही कोण जाणे, पण खेळातून ते जाणवते : फुरसत कशी असते हेच ज्याला आठवत नाही, तो फुरसतीचेही काम करून टाकतो.

तरीही खेळाच्या उदारपणाची नोंद घ्यायला हवी. महिनाभर गेलो नाही तरी पीक करपत नाही. आपण ज्या रात्री झोपलो त्याच रात्रीपाशी ते जग थांबलेले असते. त्याआधी २००९ साली फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'मध्ये उलटे होते. तिथले पीक आपल्या खऱ्या घड्याळावर पिके आणि वेळेत काढले नाही तर सुकून जाई. दोन्हीकडे शेतीच, पण एका शेतीला मालकाची सवड मान्य आहे आणि दुसरीला त्याची हजेरी हवी आहे.

रात्री उशिरा घरी येणारा बाप

खऱ्या घड्याळावर चालणारा प्रत्येक खेळ असा हजेरी घेणाराच असतो असे मात्र नाही. निन्टेंडोचे कात्सुया एगुची यांनी 'ॲनिमल क्रॉसिंग'च्या जन्माविषयी जे सांगितले आहे ते या विषयाच्या गाभ्याशी जाते. ते चिबाहून क्योटोला नोकरीसाठी आले आणि माणसांपासून तुटले. पुढे कामावरून उशिरा घरी परतावे तर घरचे आपापले खेळत असत. खेळत सगळेच होते, पण एकत्र नाही. त्यातून २००१ साली जपानमध्ये पहिला खेळ आला. एका गावात घरातल्या चौघांची चार घरे. खेळायचे एका वेळी एकानेच. मुलाने दुपारी गावात काही ठेवावे, पत्र लिहावे. बापाने रात्री ते उघडावे. एकत्र वेळ मिळत नाही हे मान्य करून वेगवेगळ्या वेळांचा एक गाव बांधलेला आहे. व्यग्र माणसाची अडचण इथे खेळाचे बीजच झाली.

या गावात नोंद न करता यंत्र बंद केले, तर पुढच्या वेळी रिसेटी नावाचा चिचुंद्रीसारखा प्राणी जमिनीतून वर येऊन लांबलचक बोलणी खायला लावी. विनोदी प्रसंग खरा, पण घाईने उठावे लागलेल्याला तो जिव्हारी लागणारा. मालिकेतल्या पुढच्या खेळांत ही जाण बदलत गेलेली दिसते. 'न्यू लीफ'मध्ये (२०१२) खेळाडू गावाचा प्रमुख होऊन दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम काढू शकतो. २०२० च्या 'न्यू होरायझन्स'मध्ये दुकान रात्री दहाला बंद होते, पण बाहेर एक पेटी असते. तिच्यात माल टाकून जाता येते, फक्त भाव वीस टक्के कमी मिळतो. उशिरा येणाऱ्याला दारातून परत पाठवले जात नाही, मात्र उशिराची किंमत मोजावी लागते.

तुटक वेळ कोणाचा?

आतापर्यंत 'नोकरदार' हा शब्द सरसकट वापरला. पण वेळ सगळ्यांचा सारखा तुटत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, तर पुरुष ९७. आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात शंभरात सव्वीसच्या आसपास होते. नोकरी करून हे काम सांभाळणाऱ्या बाईला पाऊण तास सलग मिळत नाही. तिला मिळतात कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली मिनिटे, लोकलमध्ये चौथी सीट मिळाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे.

गेमच्या जगातली प्रतिष्ठेची उतरंड या वस्तुस्थितीशेजारी ठेवून पाहावी. तीन-तीन तास एका जागी बसून खेळायचे ते 'हार्डकोअर', गंभीर. फोनवर चार मिनिटांत खेळायचे ते 'कॅज्युअल', हलके. यूल यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात या हलक्या मानलेल्या खेळांची वैशिष्ट्ये सांगताना मध्येच थांबवता येणे हा गुण महत्त्वाचा मानला. माझ्या मते त्यापुढे जाऊन म्हणायला हवे, की ही उतरंड कलात्मक असण्याआधी सवडीची आहे. ज्याच्या हातचा चहा कोणीतरी आणून देते, त्याचा खेळ गंभीर ठरतो.

पण म्हणून फोनवरच्या खेळांना दिलासा देणारे मानण्याचेही कारण नाही. 'कँडी क्रश सागा'त (२०१२) पाच जीव मिळतात. एक गेला की तो परत यायला तीस मिनिटे. पाचही संपले तर अडीच तास थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे भरा. वरवर पाहता हा संयमाचा धडा वाटेल. प्रत्यक्षात इथे विकाऊ वस्तू प्रतीक्षा हीच आहे. नाण्याच्या पेटीतले गणित चाळीस वर्षांनी खिशातल्या फोनमध्ये परत आले आहे. सलग वेळ असणाऱ्याला एकदा पैसे मोजून पूर्ण कलाकृती मिळते. तुटक वेळ असणाऱ्याला त्याचाच तुटकपणा पुन्हा पुन्हा विकला जातो. सवडीतली विषमता आणखी वाढवणारी ही गोष्ट आहे, आणि गेमच्या व्यसनावर बोलताना आपण तिच्याकडे क्वचितच पाहतो.

कच्चा लिंबू

मग सगळेच खेळ हवे तेव्हा थांबणारे असावेत काय? नाही. 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) चालू लढाई रोखून धरता येत नाही. ती धास्ती हाच त्याच्या रचनेचा प्राण आहे. मात्र खेळ बंद केला तर तिथवरची नोंद राहते. कठोर खेळही खेळणाऱ्याची वाट मोकळी ठेवू शकतो. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये (२०१९) दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जमवलेली संपत्ती नाही, कमावलेली शक्ती नाही. उरते ते फक्त कळलेले. आणि विसराळू माणसासाठी यानातली नोंदवही ते कळलेले मांडून ठेवते. वेळेची मर्यादा हीच इथे आशय झाली आहे.

'बीजीएमआय'सारख्या खेळात तर शंभर माणसांचा वेळ एकत्र गुंफलेला असतो. 'जेवायला ये' म्हणणाऱ्या आईला मुलगा 'थांबवता येत नाही' म्हणतो ते खोटे नसते. तो दुसऱ्यांना दिलेल्या शब्दात अडकलेला असतो. आई मात्र ज्या अर्थाने वेळ मागते तो या रचनेत बसतच नाही. त्या भांडणात स्वभावापेक्षा रचनेचा वाटा मोठा आहे, हे दोघांनाही कळले तर बरे.

योहान हाउझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ हा काळ आणि स्थळ यांच्या ठरलेल्या मर्यादेत, रोजच्या व्यवहाराबाहेर घडतो असे मांडले. आपल्या अंगणातल्या खेळांनी या मर्यादेला दोन पळवाटा ठेवल्या होत्या. चप्पल तुटली, घरून हाक आली की मूल 'टाइम प्लीज' ओरडे आणि राज्य असलेला गडी हात आखडता घेई. दुसरी पळवाट 'कच्चा लिंबू' : लहानग्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. यातले काहीही लेखी नियमात नव्हते; सोबत्याला खेळात ठेवायचे आहे या इच्छेतून ते आले होते. 'सेलेस्ट' (२०१८) या अत्यंत अवघड खेळात खेळाचा वेग कमी करण्याची, न दमण्याची मुभा आहे आणि ती घेणाऱ्याला हिणवले जात नाही. दिवसभर दमून आलेल्या चाळिशीतल्या खेळाडूसाठी हा कच्चा लिंबूच.

एखाद्या खेळाचे परीक्षण करताना त्याची चित्रे, कथा, अवघडपणा यांबद्दल लिहिले जाते. त्यात आणखी तीन प्रश्न यावेत : हा खेळ मध्येच उठणाऱ्याशी कसा वागतो? उशिरा परतणाऱ्याला ओळखतो का? आणि थांबण्याचे पैसे मागतो का? वेळ कुठून काढायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण काढलेला वेळ 'काढणे'च्या कोणत्या अर्थाने खर्ची पडणार, ते मात्र खेळ घडवणारा आधीच ठरवून बसलेला असतो.